रुग्णालयातील नोकरी आणि वेगळ्या धाटणीचे केस: नियम कशासाठी आणि कुठपर्यंत?

निशिगंधा_आयसीयू

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स म्हणून काम करते. माझा प्रश्न केसांचा असला तरी तो थेट माझ्या नोकरीशी जोडलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या डाव्या कानावरचे केस मशीनने बारीक कापलेले आहेत. उरलेले केस खांद्यापर्यंत आहेत आणि त्यांची टोके जांभळी रंगवलेली आहेत. ड्यूटीवर जाताना मी सगळे केस मागे घेऊन घट्ट अंबाडा घालते, रंगवलेली टोके आत वळवते आणि वरून जाळी लावते. सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना डॉक्टरांच्या मदतीला उभी असेन किंवा मोठे ड्रेसिंग असेल, तर टोपी घालते. त्यामुळे रुग्णाच्या पलंगाजवळ माझा कापलेला भाग दिसतो, जांभळा रंग मात्र जवळजवळ दिसतच नाही. आजवर कोणत्याही रुग्णाने किंवा नातेवाइकाने माझ्याविषयी तक्रार केल्याचे मला कळवण्यात आलेले नाही.

अलीकडे मनुष्यबळ विभागाने एक परिपत्रक काढले. त्यात असे म्हटले आहे की कर्मचाऱ्यांचे केस नीटनेटके व नैसर्गिक रंगाचे असावेत आणि चमत्कारिक केशरचना चालणार नाही. कारण म्हणून ‘जंतुसंसर्ग नियंत्रण व व्यावसायिक प्रतिमा’ असे दोन्ही एका दमात लिहिले आहे. मला बोलावून तोंडी सांगण्यात आले की टोके कापा किंवा काळी करा, बाजूचे केस वाढवा, आणि ते होईपर्यंत रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलण्याचे काम तुमच्याकडे राहणार नाही. आमच्या इनचार्ज सिस्टर मनाने माझ्या बाजूच्या आहेत, परंतु लेखी काही देण्यास त्या तयार नाहीत. त्याच वॉर्डात मेंदीने लाल झालेले केस आहेत, कलप लावून काळे केलेलेही आहेत. त्यांना कोणी काही म्हणत नाही, आणि म्हणूही नये असेच मला वाटते.

मला हे समजून घ्यायचे आहे की केसांच्या रंगाचा किंवा कापण्याच्या पद्धतीचा जंतुसंसर्गाशी खरोखर काही संबंध आहे का. असेल, तर मी उद्याच केस बदलेन. रुग्णाच्या जिवापुढे माझ्या हौसेला किंमत नाही. नसेल, तर ही गोष्ट अधिसेविकांपुढे (मेट्रनपुढे) आणि व्यवस्थापनापुढे कशी मांडावी, म्हणजे ती उद्धटपणाची वाटणार नाही? पुढे दुसरीकडे अर्ज करायचा आहे, त्याही दृष्टीने अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सुमन_निवृत्त_अधिसेविका

निशिगंधा, तू प्रश्न फार जबाबदारीने विचारला आहेस. जिल्हा रुग्णालयात सगळ्या पायऱ्या चढून मी अधिसेविका म्हणून निवृत्त झाले, तेव्हा ज्यांच्यापुढे तुला बोलायचे आहे त्या खुर्चीवर मी बसलेली आहे असे समज.

केसांच्या शिस्तीमागचे सर्वांत मोठे कारण फार साधे आहे आणि ते वॉर्डात उभे राहून पाहिल्याशिवाय पटत नाही. मूत्रनलिका घालण्यासाठी परिचारिका रुग्णावर वाकते, दोन्ही हातांत निर्जंतुक हातमोजे असतात, आणि नेमक्या त्याच वेळी कपाळावरची एक बट सुटून डोळ्यांपुढे येते. ती बट मागे सारण्यासाठी हात आपोआप वर जातो. विद्यार्थिनींना शिकवताना मी हा क्षण मुद्दाम पाहत असे. हात केसाला लागला की हातमोजा निर्जंतुक राहिला नाही, आणि बहुतेक मुलींना आपला हात वर गेला होता हे सांगितल्यावरही आठवत नसे. त्यामुळे केस कापलेले आहेत की लांब, काळे की जांभळे, याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व होते. पूर्ण पाळीभर ते हाताची गरज न लागता जागच्या जागी राहतात का, हा माझा निकष होता. या निकषावर तुझा बारीक कापलेला भाग अनेकींच्या सैल वेणीपेक्षा बरा ठरेल.

आमच्या काळी पांढरी टोपी असे. खळ घालून कडक केलेली, केसांत पिना खोचून बसवलेली. ती परिचारिकेचा मान म्हणून आम्ही जपली आणि डोक्यावर चढली त्या दिवशी आमच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे मी आजही अभिमानाने सांगते. परंतु ती केस झाकत नव्हती. सलाइनच्या स्टँडला, मच्छरदाणीच्या दोरीला अडकून पडायची, आणि गणवेश जितक्या वेळा धुतला जाई तितक्या वेळा ती धुतली जात नसे. पुढे अनेक ठिकाणी ती बंद झाली, तेव्हा परिचारिकांची ओळखच जाईल अशी ओरड झाली होती. तसे काही झाले नाही.

आता दुसरी बाजूही ऐक, कारण ती मांडली नाही तर मी तुझी फसवणूक केल्यासारखे होईल. वॉर्डात येणारा माणूस घाबरलेला असतो. खेड्यातून आलेली सत्तरीची आजी तुझी पदवी ओळखत नाही, परिचर्या परिषदेची नोंदणी ओळखत नाही. ती चेहरा, कपडे आणि वागणे एवढेच पाहते. तिला पहिल्या नजरेत तू परकी वाटलीस, तर ती वेदना होत असूनही बोलणार नाही, आणि न सांगितलेली वेदना हा आमच्या कामातला मोठा धोका आहे. हा परकेपणा बहुधा पहिल्या पाच मिनिटांत, नाव घेऊन हाक मारली आणि उशी नीट केली की ओसरतो. तरीही तो कुणाला जाणवतच नाही असे म्हणू नकोस. अधिसेविकेसमोर बोलताना ही गोष्ट तू स्वतःहून मान्य केलीस, तर तुझ्या बाकीच्या मुद्द्यांना वजन येईल.

सूक्ष्मदर्शी

मी वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर असून आमच्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचे काम पाहतो. प्रश्नाचा पहिला भाग माझ्या विषयाचा आहे, म्हणून तेवढ्यापुरते तपशिलाने लिहितो.

केसांवर आणि डोक्याच्या त्वचेवर जंतू असतात, यात शंका नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसांच्या नाकात, त्वचेवर आणि केसांतही आढळतो. क्वचित प्रसंगी डोक्याच्या त्वचेवरून प्रत्यक्ष साथ पसरल्याची नोंदही आहे. 1990 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक तपास प्रसिद्ध झाला होता. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांमध्ये होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाचा माग शस्त्रक्रियागृहातील एका कर्मचाऱ्याच्या डोक्याच्या त्वचेपर्यंत लागला होता. त्या व्यक्तीला सोरायसिस होता. धोका तिथे होता तो त्वचेच्या आजारात आणि गळणाऱ्या खपल्यांत. केसांच्या धाटणीचा त्यात काही भाग नव्हता. म्हणूनच डोक्यात खूप कोंडा, पुळ्या किंवा गळू असेल, तर शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्याने ते लपवू नये आणि उपचार होईपर्यंत संसर्ग नियंत्रण समितीला सांगावे, हा नियम मी केसांच्या रंगापेक्षा कितीतरी अधिक आग्रहाने सांगेन.

रंगाविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे: रंगवलेल्या केसामुळे रुग्णाला संसर्ग होण्याचा धोका वाढतो असे मानण्यास आधार नाही. बारीक कापलेल्या भागाबाबतही तेच.

शस्त्रक्रियागृहात केस झाकावेत हे सर्वमान्य आहे, पण कशाने झाकावेत यावरूनसुद्धा अमेरिकेत मोठा वाद झाला, आणि तो या चर्चेत उपयोगी पडेल. शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांच्या संघटनेचा आग्रह होता की कान आणि मानेवरचे केसही झाकले जावेत. त्यामुळे अनेक रुग्णालयांनी शल्यचिकित्सकांच्या जुन्या घट्ट कापडी टोप्या बंद करून सर्वांना फुगीर डिस्पोजेबल टोप्या दिल्या. 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने कापडी टोपीची बाजू घेतली. 2017 मध्ये प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात हवेतील कण मोजून केलेल्या अभ्यासात फुगीर टोपी अधिक सच्छिद्र निघाली आणि कापडी टोपी तिच्याहून कमी ठरली नाही. इतर रुग्णालयांनी आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा टोपी बदलल्याने जखमेतील संसर्ग कमी झाल्याचे दिसले नाही. शेवटी 2018 मध्ये संबंधित संघटना एकत्र बसल्या, आणि परिचारिकांच्या संघटनेच्या 2019 च्या सुधारित मार्गदर्शनात टोपीच्या विशिष्ट प्रकाराचा आग्रह सोडून देण्यात आला. जिथे जखम उघडी असते तिथेही टोपीच्या प्रकाराचा फरक सिद्ध होत नसेल, तर जाळीच्या आत वळवलेल्या जांभळ्या टोकांना संसर्ग नियंत्रणाच्या नावाखाली बंदी घालणे शास्त्राला धरून नाही.

केसांबाबतची रूढी तपासून बदलता येते, याचे आपल्या वॉर्डातलेच उदाहरण द्यायचे तर रुग्णाच्या केसांचे देता येईल. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छतेचा भाग मानली गेली. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि त्यातून संसर्ग वाढतो हे लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शनात सांगितले की केस काढूच नयेत, आणि काढणे अगदी आवश्यकच असेल तर क्लिपर, म्हणजे केस बारीक कापणारे मशीन, वापरावा. वस्तरा नको.

आता केसांशी खरोखर संबंधित असलेले धोके सांगतो, कारण परिपत्रकात ते असायला हवे होते आणि बहुधा नसतील. एन-95 मास्कचा वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर आणि खालचा मानेवर बसावा लागतो. अंबाडा चुकीच्या उंचीवर असेल तर पट्टा घसरतो आणि मास्कची कड नाकाजवळ सुटते. क्षयरोगाच्या वॉर्डात ही गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून मास्क घालून, नेहमीच्या केशरचनेसह, हवा कुठून सुटते का ते तपासावे. एमआरआयच्या खोलीत रुग्णाला घेऊन जाताना केसांतल्या लोखंडी यू-पिना आणि टिकटॅक पिना बाहेर काढून ठेवाव्यात, कारण त्या चुंबकाकडे खेचल्या जातात. मनोविकार विभागात आणि शुद्ध हरपलेल्या रुग्णाजवळ लांब मोकळी वेणी हाताला सापडते आणि ओढली जाते. हे सगळे नियम काळ्याभोर, पारंपरिक वेणीलाही तितकेच लागू आहेत.

प्रशासक_पुणे

मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचे प्रशासन सांभाळतो. व्यवस्थापनाची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहीत आहे. ती पूर्णपणे बरोबर आहे असा माझा दावा नाही.

अशी परिपत्रके बहुधा एखाद्या नातेवाइकाच्या तोंडी शेऱ्यानंतर निघतात. बिलावरून, उपचारांवरून आधीच तणाव असतो, त्यात कोणीतरी म्हणते की इथली मुले-मुली फॅशन करून फिरतात, यांचे कामात काय लक्ष असणार. व्यवस्थापनाला प्रत्येक वॉर्डात जाऊन निवाडा करायला वेळ नसतो, म्हणून सरसकट वाक्य लिहिले जाते. रुग्णांना पेहरावाचे काहीच वाटत नाही, असेही नाही. 2018 मध्ये बीएमजे ओपनमध्ये अमेरिकेतील दहा शैक्षणिक रुग्णालयांतील 4,062 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. डॉक्टरांचा पेहराव आपल्याला महत्त्वाचा वाटतो असे त्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी सांगितले होते. मात्र ती पाहणी पांढरा कोट, शर्ट, स्क्रब अशा कपड्यांविषयी होती, केसांविषयी नव्हती. तिचा आधार घेऊन केसांचे नियम करणे मला पटत नाही, आणि आमच्या बैठकीत मी तसे बोललोही आहे.

आपल्या देशातील सरकारी उदाहरण हरयाणाचे आहे. तिथल्या आरोग्य विभागाने फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी वेशसंहिता जाहीर केली. त्यात जीन्स, लांब नखे, जड दागिने, भडक प्रसाधन यांच्याबरोबर विचित्र केशरचनाही वर्ज्य ठरवली होती आणि पुरुषांचे केस शर्टाच्या कॉलरपेक्षा लांब नसावेत असे म्हटले होते. मी ते वाचले तेव्हा लांब नखांचा नियम लगेच पटला, कारण नखांखाली जंतू साठतात आणि हात धुऊनही ते जात नाहीत. नावाची पाटी लावण्याचा नियमही पटला. विचित्र केशरचना म्हणजे काय, हे ठरवणार कोण, या प्रश्नावर मात्र मी अडलो.

असा शब्द नियमात आला की तो वापरणाऱ्याच्या मर्जीवर चालतो, आणि माझ्या पाहण्यात त्याचा वापर वरिष्ठ सल्लागार डॉक्टरांवर कधी झालेला नाही. मानेवर शेंडी बांधून येणाऱ्या हृदयशल्यचिकित्सकाला त्यांचा बाणा म्हणून मान मिळतो. तशीच शेंडी बांधणाऱ्या ब्रदरला मेमो मिळतो. पुरुषांचे केस कॉलरच्या वर हवेत असे लिहिले की शीख कर्मचाऱ्याचे काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. 2019 च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण दिले आहे, त्यामुळे स्त्रियांचे केस असे आणि पुरुषांचे केस तसे, अशी विभागणी करणाऱ्या नियमालाही आज जपून लिहावे लागते. केमोथेरपीनंतर कामावर परतलेल्या सिस्टरचे केस बोटभर उगवलेले असतात, तिलाही कोणीतरी ही फॅशन आहे का असे विचारते. मी हे ऐकले आहे, आणि ते ऐकून फार वाईट वाटले होते.

निशिगंधाताईंना माझी सूचना अशी आहे की परिपत्रकाला विरोध करणारा अर्ज देऊ नका, परिपत्रकाचा मसुदा सुधारून द्या. व्यवस्थापनाला तयार शब्द हवे असतात. उदाहरणार्थ: ‘रुग्णसेवा करताना केस स्वच्छ, पूर्णपणे बांधलेले व कॉलरच्या वर असावेत, चेहऱ्यावर किंवा रुग्णावर पडू नयेत, मास्क व टोपीच्या बसण्यात अडथळा आणू नयेत, शस्त्रक्रियागृह व निर्जंतुक प्रक्रियांच्या वेळी पूर्ण झाकलेले असावेत.’ एवढ्यात रुग्णाच्या सुरक्षिततेचे सगळे येते आणि कोणाच्याही डोक्याकडे बोट दाखवावे लागत नाही. प्रतिमेचा प्रश्न वेगळ्या परिच्छेदात, वेगळे कारण देऊन लिहा असे सांगा. दोन कारणे एकाच वाक्यात बांधली की संसर्गाच्या भीतीच्या आडून आवडीनिवडी लादल्या जातात, आणि खऱ्या संसर्ग नियमांवरचा कर्मचाऱ्यांचा विश्वासही कमी होतो.

अनघा_लीड्स

मी सोलापूरची, सध्या इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका आहे. परदेशात सगळे चालते असा समज इथे येण्याआधी माझाही होता. तो खरा नाही, परंतु नियमांची आखणी वेगळी आहे.

इथे 2008 पासून रुग्णसेवेत कोपरापासून खालचा हात उघडा ठेवण्याचा नियम आहे. घड्याळ, बांगड्या, लांब बाह्या चालत नाहीत, आणि मनगटावरचा लाल धागासुद्धा काढावा लागतो, जो आपल्याकडे कोणी काढायला सांगणार नाही. माझ्या वॉर्डात त्याबाबत कोणी सवलत मागत नाही, कारण हात कोपरापर्यंत धुता यायला हवेत हे कारण प्रत्येकाला कळते. गणवेशाविषयीचे 2020 चे राष्ट्रीय मार्गदर्शन केसांबाबत सांगते ते एवढेच की लांब केस मागे बांधून कॉलरच्या वर ठेवावेत. रंगाविषयी प्रत्येक ट्रस्टचे (एनएचएसची रुग्णालये चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे) स्वतःचे धोरण असते. काही ठिकाणी अजूनही टोकाचे रंग नकोत असे लिहिलेले आहे, माझ्या वॉर्डात तसे काही नाही.

माझ्याबरोबर नायजेरियन आणि जमैकन वंशाच्या सहकारी आहेत. त्यांच्या केसांचा पोत असा आहे की बारीक वेण्या किंवा लॉक्स (दोरीसारख्या वळलेल्या बटा) हीच त्यांची स्वच्छ ठेवण्याची आणि आवरण्याची रीत आहे. त्यांच्या दृष्टीने ती रोजची, साधी केशरचना आहे. ती विचित्र वाटते ती दुसऱ्याच्या नजरेला. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये क्राऊन कायदा करून अशा केसांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली आणि नंतर इतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. इंग्लंडमध्ये 2010 च्या समानता कायद्यात वंश आणि धर्म यांच्या संरक्षणातून हा प्रश्न येतो.

दाढीचे उदाहरणही सांगते. कोविडच्या साथीत शीख डॉक्टरांपुढे प्रश्न आला की दाढीवर मास्क हवाबंद बसत नाही. हा धोका खरा होता, त्यात प्रतिमेचा काही भाग नव्हता. तेव्हा काही शीख डॉक्टरांनीच ‘सिंग ठाठा’ ही पद्धत पुढे आणली: दाढी ताणल्या जाणाऱ्या पट्टीने घट्ट झाकून पट्टीची गाठ डोक्यावर बांधायची आणि त्यावर मास्क चढवायचा. 2020 मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध झाला आणि अशा मास्कची चाचणी घेतली तेव्हा बहुतेक जण उत्तीर्ण झाले. नेमकी अडचण काय आहे ते माहीत होते, म्हणून नेमका उपाय शोधता आला.

वृद्धांच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयी एक निरीक्षण. आमच्या वॉर्डातील एका आरोग्य सहायिकेचे केस पिवळ्या-हिरव्या रंगाचे आहेत. एक आजोबा कोणाचेही नाव लक्षात ठेवू शकत नव्हते, पाटी वाचू शकत नव्हते, रोज सकाळी औषध नाकारत होते. हिरव्या केसांची मुलगी आली की मात्र ते उठून बसत आणि तिच्याच हातून गोळ्या घेत. यावरून रंगीत केस ठेवावेत असा निष्कर्ष मी काढणार नाही. सुमनताईंनी लिहिलेला परकेपणा काही रुग्णांच्या बाबतीत नेमका उलटा, ओळखीचा आधार ठरतो, हे मी पाहिले म्हणून नोंदवते.

समाजसेवा_अधीक्षक

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करतो. आतापर्यंतची चर्चा हौसेने ठेवलेल्या केसांची आहे. आपल्या महाराष्ट्रातील रुग्णालयांत आणखी एका प्रकारचे केस दिसतात आणि त्यांच्याविषयी कोणतेही परिपत्रक बोलत नाही. मी जटेविषयी बोलतो आहे.

आमच्याकडे सफाईचे काम करणाऱ्या एका मावशींच्या डोक्यात जट होती. देवीचे म्हणून ती कापायची नाही, विंचरायची नाही, असे त्यांच्यावर लहानपणापासून बिंबवलेले होते. जट इतकी जड झाली होती की मान एका बाजूला कलायची, ती टोपीत मावत नव्हती आणि मुळाशी त्वचा ओली राहून खाज सुटायची. इथे संसर्गाचा आणि त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न खरा होता. एका अधिकाऱ्याने त्यांना जट काढा नाहीतर काम सोडा असे सांगितले. मावशी दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. हुकमाने भीती जात नाही.

पुढे आमच्या एका सिस्टरांनी त्यांच्या घरी जाऊन बोलणे चालू ठेवले. मावशींना तात्पुरते धुलाई विभागात काम दिले, म्हणजे रोजी बुडाली नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांची जट अशीच समजूत घालून, त्यांची आणि घरच्यांची संमती घेऊन काढली आहे. त्यांच्या कामाची माहिती सिस्टरांनी मावशींना दिली, आणि अखेर मावशींनी स्वतःहून जट काढून घेतली. कापताना त्या थरथरत होत्या. सिस्टर त्यांचा हात धरून बसल्या होत्या.

केसांचे नियम लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या नियमाचा पहिला फटका बसतो तो कंत्राटी मावशी आणि वॉर्डबॉय यांना, कारण त्यांना कारणे विचारण्याची सोय नसते. निशिगंधाताई, तुम्हाला लिहिता येते, म्हणून तुमच्या मसुद्यात एक ओळ त्यांच्यासाठी घाला: वैद्यकीय किंवा धार्मिक कारणाने केसांबाबत अडचण असेल, तर शिस्तभंगाची कारवाई करण्याआधी संसर्ग नियंत्रण समितीने त्या व्यक्तीशी बोलावे आणि तोपर्यंत तिचे काम व वेतन चालू राहावे.

निशिगंधा_आयसीयू

सर्वांचे मनापासून आभार. सुमनताईंनी सांगितलेला सुटलेल्या बटेचा प्रसंग वाचल्यावर मी कालच्या पाळीत स्वतःकडे मुद्दाम लक्ष दिले. बारीक कापलेल्या बाजूला काही प्रश्न नव्हता. उजव्या कानामागची एक बट मात्र सुटते, तिथे आता जाळीच्या आतून प्लॅस्टिकची पिन लावते आहे. एन-95 घालून अंबाड्याची उंचीही तपासली, तो थोडा खाली घ्यावा लागला.

मसुदा लिहायला घेतला आहे. प्रशासक सरांचे वाक्य आणि मावशींसाठीची ओळ, दोन्ही घालणार आहे. इनचार्ज सिस्टरांनी तो वाचून चूक दुरुस्त करून दिली, एवढेही मला पुष्कळ वाटते. एक प्रश्न राहिला: दुसरीकडे मुलाखतीला जाताना टोके कापून जावे की आहे तसे जावे?

सुमन_निवृत्त_अधिसेविका

मुलाखत ज्या विभागासाठी आहे त्यावर हे ठरव. केस कामावर जसे बांधतेस तसेच, जाळीसह बांधून जा. मोकळे सोडून जाऊ नकोस, आणि टोके रंगवलेली आहेत हे लपवूही नकोस. मी मुलाखती घेतल्या आहेत. उमेदवार कामाच्या तयारीत दिसली की निम्मे काम होते, आणि नेमणूक झाल्यावर रंग उघड झाला तर समोरच्याला फसवल्यासारखे वाटते. कोणी विचारलेच, तर आवडीचे समर्थन करत बसू नकोस. पाळीभर हे केस कसे बांधलेले राहतात आणि निर्जंतुक कामाच्या वेळी कसे झाकते, ते दोन वाक्यांत सांग. शेवटी त्यांचे लेखी धोरण काय आहे ते विचार. धोरण नैसर्गिक रंगाचाच आग्रह धरणारे असेल आणि ती नोकरी तुला खरोखर हवी असेल, तर टोके कापून टाकण्यात कमीपणा नाही. ती निवड तुझी असेल.

सध्याच्या ठिकाणचा मसुदा अधिसेविकांच्या हाती दे, थेट मनुष्यबळ विभागाकडे पाठवू नकोस. त्यांना डावलले असे वाटले तर योग्य मुद्दाही अडतो. एक प्रत संसर्ग नियंत्रण समितीच्या सचिवांना जाऊ दे. तुला जे तोंडी सांगितले गेले त्याची तारीख अर्जात नमूद कर आणि आवक विभागाच्या शिक्क्यासह पोच घे.